रुपाचा दाखला

टेंभरटोला, ता. तुमसर, जि. भंडारा
शुक्रवार, ११ जुलै २०२५

प्रिय श्यामराव,

ठक् ठक् ठक् फुस्, ठक् ठक् ठक् फुस्. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून धानाची गिरणी होती, तिचं इंजिन. आठवलं? चौथीत आपण कविता म्हणायचो ती खरं तर त्या इंजिनाच्या तालावर. गुरुजी चाल लावून द्यायचे एक, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळा वर्ग गिरणीच्या चालीवर घसरलेला असायचा. 'फुस्' आलं की सगळी पोरं एकदम श्वास घ्यायची. एकदा पट्टा तुटून इंजिन अर्ध्या ओळीत बंद पडलं आणि आपणही अर्ध्या ओळीत बंद पडलो. गुरुजी हसून म्हणाले, "आता गिरणीवाचून म्हणा." कोणालाच जमेना. तू तर पुढचा शब्दच विसरलास आणि खिडकीतून गिरणीवाल्याकडे असा बघत राहिलास, जसा काही तो शब्द त्याच्याकडे ठेवायला दिला होता.

गिरणी जाऊन जमाना झाला. पण आज दुपारी जेवून छपरीत बसलो होतो, आभाळ भरलेलं, सगळा गाव धानाच्या रोवणीला शेतात, बांधीत गेलेला, आणि त्या शांततेत मला ते इंजिन स्पष्ट ऐकू आलं. हे सांगायला जगात आता एकच माणूस उरला आहे आणि तो पवनीला नातवंडांत बसला आहे. म्हणून लिहायला घेतलं.

तुला आणि वहिनींना नमस्कार. कमलेशचं कापडदुकान बरं चाललं असेल. वैनगंगा चढली आहे असं परवा पेपरात होतं, रुपानं वाचून सांगितलं. तुमच्या आळीकडे पाणी येत नाही ना? माझं सगळं ठीक. घनश्याम दर रविवारी फोन करतो, जवाहरनगरला क्वार्टरमध्ये राहायला या म्हणतो, सूनबाईही मनापासून बोलावते. मी दिवाळीनंतर बघू म्हणतो. दिवाळ्या येतात आणि जातात.

खिशात फोन असताना म्हाताऱ्याला पत्राचं काय सुचलं, म्हणून तू हसशील. खरं सांगू, फोनवर मी तुला 'सगळं बरं आहे' म्हणतो, तूही तेच म्हणतोस आणि आपण ठेवून देतो. फोनवर लगेच उत्तर द्यावं लागतं, आणि लगेच द्यायचं उत्तर नेहमी 'बरं आहे' असंच असतं. मला आज जे सांगायचं आहे त्याला वेळ लागणार आहे. अक्षर मोठं दिसेल, ओळी वरखाली गेल्या असतील, तिकडे लक्ष देऊ नकोस. पेन जाड मिळालं.

शाळेचं सांगायचं आहे. आपल्याच शाळेचं. मला तिच्या व्यवस्थापन समितीत घेतलं आहे, हे तुला माहीत आहे. त्या समितीत पालकांनी निवडलेले पालक असतात, पंचायतीचा एक माणूस असतो, हेडमास्तर कैलाश सर चिटणीस, आणि एक जागा 'शिक्षणप्रेमी' अशी असते. शिक्षणावर प्रेम करणारे गावात असतील पुष्कळ, पण संध्याकाळी रिकामा असा मी एकटाच निघालो. तीस-बत्तीस वर्षं दुसऱ्या गावांची पोरं शिकवली, आता म्हातारपणी आपल्या गावाची.

आमच्या समितीनं एक पद्धत पाडली आहे. पोरं वाटून घ्यायची. सभेत चहा पिऊन सह्या ठोकण्यापेक्षा हे बरं, असं अध्यक्ष साधनानं सुचवलं. साधना म्हणजे पालकांमधून निवडलेली आमची अध्यक्ष, पस्तिशीची बाई, जिभेला विळ्याची धार. प्रत्येक सदस्यानं दोन-चार पोरं संध्याकाळी आपल्या घरी बसवायची. कोणी वाचन घेतं, कोणी गणित. पंचायतीकडून आलेला गोमाजी पाढे घेतो, आणि सतराचा पाढा आला की स्वतः पाणी प्यायला उठतो. पाचवीतली नवोदयच्या, त्या जिल्ह्याच्या सरकारी निवासी शाळेच्या, परीक्षेला बसणारी पोरं माझ्या वाट्याला.

आणि सांगायला संकोच कशाला, माझी पोरं लागली. दर साली एखादं, कधी दोन. निकाल आला की समिती नारळ फोडायची आणि शाळेच्या दर्शनी भिंतीवर पिवळ्या ऑइलपेंटनं त्या पोराचं नाव लिहायची. रस्त्यानं जाणारा तालुक्याचा साहेबही जीप थांबवून वाचायचा. ती भिंत आता जवळजवळ भरली आहे. मोठ्या हौसेनं आम्ही ती भरली, श्यामराव. आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की भिंतीवर चढणारं प्रत्येक नाव आमच्याच सहावीच्या हजेरीतून खाली उतरतं आहे. नवोदयला गेलेल्या पोराची धाकटी भावंडंही मग आईबापांनी तुमसरच्या कॉन्व्हेंटला घातली, कारण एक पोरगं चमकलं की दुसऱ्यासाठी गावची शाळा लहान वाटायला लागते. आम्ही शाळेला यश दिलं ते असं.

आता स्थिती अशी की सहावी-सातवी मिळून वीस पोरं आहेत, रुपा धरून. नव्या नियमानं पट वीसच्या खाली गेला की त्या वर्गांना शिक्षक मंजूर होत नाही. शिक्षक नाही म्हणजे वर्ग नाही. उरलेल्या पोरांनी नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात जायचं. तो नाला तुला माहीत आहे. तू एकदा त्यात चप्पल घालवलीस आणि घरी मला चोर ठरवलंस.

रुपा म्हणजे सचिनची मुलगी. सचिनला तू ओळखणार नाहीस. तलावाखालची बांधी कसतो, हंगामात दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवतो. मुलगी बारीक, एका जागी न बसणारी, आणि प्रश्नांची तर पोतडी. मी तिला आकृत्यांचा भाग शिकवला तो जरा वेगळ्या पद्धतीनं. तिला म्हणायचो, आकृती मला दाखवू नकोस, सांग. मग ती सांगायची, "आबाजी, चौकोन हाय, त्याच्या पोटात तिरपा बाण हाय, बाणाच्या शेपटीले काळा ठिपका हाय, अन् पुढच्या चौकोनात थो ठिपका बाणाच्या तोंडाकडं सरकला." सांगता सांगता तिला स्वतःलाच उत्तर दिसायचं. गावात या पद्धतीचं मोठं कौतुक झालं. कैलाश सरांनी केंद्राच्या बैठकीत तिच्यावर भाषणही दिलं म्हणे.

परीक्षा झाल्यावर बाकीची पोरं यायची थांबली. रुपा येतच राहिली. तेव्हापासून आम्ही कविता वाचतो. माझ्याजवळ जुनी क्रमिक पुस्तकं आहेत ना, आपल्या वेळची, त्या पत्र्याच्या पेटीतली. त्यातली एक कविता ती वाचते, एक मी पाठ म्हणतो. माझं चुकलं तर मला थांबवते. "आबाजी, कडवं खाल्लं तुमी." मग ते कडवं वाचून माझ्या हातात परत देते.

निकालात तिचं नाव आलं. पहिल्या यादीतच.

तिला नवोदयला दाखल व्हायचं तर आपल्या शाळेतून दाखला काढावा लागतो. बापानं अर्ज केला की हेडमास्तरांनी दाखला द्यायचा, समितीला तो अडवण्याचा अधिकार नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण सचिन साधा माणूस. पोरीनं दाखला नेला तर वर्ग बंद पडतील, ही कुजबुज त्याच्या कानावर गेली आणि तोच सभेत येऊन उभा राहिला. म्हणाला, "तुमी सारे म्हनान तं नेतो, नाई तं राहू देतो. गावाच्या पोरायचं नुकसान करून माह्या पोरीचं भलं नाई करायचं मले."

ही सभा सोमवारी झाली. रोवणीवरून आलेली माणसं, पायांना चिखल तसाच.

गोमाजी पहिला उठला. "मी सांगतो. थे पोरगी गेली का शाळेले कुलूप. ज्या शाळेनं तिले घडवलं, तिच्यावर पाय देऊन जाईन का थे? गावाचा काही विचार हाय का नाई?"

साधना बसल्या जागेवरून म्हणाली, "गोमाजी, तुमचा बंटी कितवीत हाय?"

"सहावीत. त्याचा इथं काय संबंध?"

"काई नाई. रोज सकाळी टाय लावून व्हॅनमंदी बसते. थ्या टायनं शाळेचा गळा नाई आवळत का?"

माणसं हसली. गोमाजी खाली बसता बसता पुटपुटला, "थो माह्या सुनेचा कारभार हाय बाई. घरात मले कोन इचारते."

"घरात इचारत नाई म्हनून इथं येऊन बोलता का?"

मग ती हसायची थांबली. सचिनकडे वळून म्हणाली, "भाऊ, मी तुले जाऊ नको म्हनायची नाई. पन माही गोष्ट ऐकून घे. मी सातवी झाली, काहून का सातवी गावात होती. माही मोठी बहीन चवथीवर राहिली, तवा इथं चवथीच होती. नाल्यापार पोरी कोनी धाडल्या नाईत, आताही धाडनार नाईत. माही पोरगी सहावीत हाय. वर्ग गेला तं थे चार महिने पावसात घरी बसन, मंग रोवनीले जाईन, मंग दोन वर्षांनी पाहुने येतीन. तुह्या रुपाले मार्ग हाय. या पोरींले नाई."

ती काही खोटं बोलत नव्हती. सभेत तिच्याइतकं खरं कोणीच बोललं नाही. सचिन मान खाली घालून ऐकत होता. मग त्यानं मान वर केली आणि ज्याची मला धास्ती होती तेच केलं. माझ्याकडे पाहिलं. निदान त्याचा चेहरा माझ्या दिशेला वळला.

"गुरुजी म्हनतीन तसं करतो," तो म्हणाला. "मले काय समजते? मी सातवी नापास. त्यायनं तिले शिकवलं, त्यायलेच मालूम."



मी काय म्हणालो ते तसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "सचिन, मुलगी अजून लहान आहे. घाई काय आहे? नववीला पुन्हा परीक्षा असते. तेव्हा जाईल, जास्त कळत्या वयात जाईल. तोवर शाळा टिकेल, समिती काहीतरी मार्ग काढेल."

सभेला ते एकदम पटलं. कोणाचंच नुकसान नाही असं वाटावं, असा तोडगा होता तो. गोमाजीनं तर टाळी वाजवली. साधनानं सुटकेचा श्वास सोडला, मला ऐकू आला. सचिन म्हणाला, "मंग ठीक हाय. तरी शनिवारी सकाळी येतो गुरुजी, एकदा तुमच्याशी बोलून घेतो अन् सरायले सांगून टाकतो." फक्त कैलाश सर काही बोलले नाहीत. त्यांच्या खुर्चीचा एक पाय करकरला, बस.

आता तू शिक्षक नाहीस, तुला कळणार नाही ते सांगतो. नववीला परीक्षा असते हे खरं. पण ती भरतीची नसते, गळतीची असते. कोणी शाळा सोडून गेलं, जागा रिकामी पडली, तर तेवढीच भरतात. आणि त्यासाठी जिल्हाभरातून पोरं बसतात. सहावीची संधी एकदाच येते, ती रुपानं मिळवली आहे आणि ती परीक्षा पुन्हा देताच येत नाही. मला हे माहीत होतं. कैलाश सरांनाही माहीत होतं, पण वर्ग गेले तर ते अतिरिक्त ठरतात, बदली कुठे होईल सांगता येत नाही, घरी आजारी आई आहे. त्यांच्या गप्प राहण्याला कारण आहे. माझ्या बोलण्याला काय कारण होतं?

साधनाच्या बोलण्यानं माझं मन द्रवलं, असं तुला सांगायचं ठरवून मी पत्र सुरू केलं होतं. वरची दोन पानं तशीच लिहिली आहेत. शाळा, नाला, पोरी. ते सगळं खरं आहे, त्यातला शब्द मागे घेत नाही. पण श्यामराव, त्या क्षणी माझ्या डोक्यात शाळा नव्हती. माझ्या डोक्यात माझी संध्याकाळ होती.

माझे डोळे गेले रे.

अगदी गेले असं नाही. घनश्यामनं गेल्या वर्षी नागपूरला नेलं होतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग सुकत चालला आहे, असं डॉक्टर म्हणाले. चष्म्यानं भागत नाही, ऑपरेशनही नाही. कडेकडेचं दिसेल, मधलं जाईल. समोर माणूस येऊन उभा राहिला की त्याचे कान दिसतात, खांदे दिसतात, तोंडाच्या जागी धूर. पुस्तक उघडलं की समास दिसतो आणि कविता दिसत नाही. हे पत्र मी उजेडाला पाठ करून, कागद कडेला धरून, जाड पेनानं अंदाजानं लिहितो आहे. एका ओळीवर दुसरी बसली असेल तर दोन्ही वाचून घे.

आकृती दाखवू नकोस, सांग, ही माझी पद्धत नव्हती. मला आकृती दिसत नव्हती. पोरीला ते कधी कळलं ठाऊक नाही, पण कळलं. एके दिवशी तिनं आपण होऊन पेपर उचलला आणि मथळे वाचायला सुरुवात केली. मी नको म्हटलं नाही, तिनं विचारलं नाही. तेव्हापासून फोनवर तुझा नंबर तीच लावून देते. माझ्या गोळ्यांच्या पट्ट्या तीच ओळखते. आणि कविता. पाठ आहेत मला शेकड्यानं, तुला माहीत आहे, पण पाठांतर आता गळायला लागलं आहे. मधलीच कडवी जातात, डोळ्यांसारखीच. ती पुस्तकातून वाचते तेव्हा ते पुन्हा जागेवर येऊन बसतं. घनश्यामकडे मी का जात नाही, तर तिथल्या खोल्या मला नव्यानं पाठ कराव्या लागतील, आणि तिथे रुपा नाही.

सचिन म्हणाला 'गुरुजी म्हनतीन तसं', तेव्हा मला दिसलं ते एवढंच की तिचा दाखला निघाला तर सहा वाजता माझ्या छपरीत कोणी येणार नाही. आणि तोंडातून नववी निघाली. इतकी सहज निघाली की मलाच आश्चर्य वाटलं. मी ठरवून फसवलं नाही, असं म्हणायला जागा आहे. पण ती जागा फार अरुंद आहे, तिच्यात माझ्यानं बसवत नाही.

मंगळवारी ती आली. मला वाटलं, रडेल, रागावेल. काही नाही. पिशवी ठेवली, पेटीतून पुस्तक काढलं, वाचायला बसली. निकाल लागल्यापासून तिनं माझं डोकं खाल्लं होतं. "आबाजी, तिथं मेसमंदी भात रोज देतेत का? कपडे कोन धुते? रात्री घरची आठवन आली तं लाइट लावू देतेत का? दुसऱ्या गावच्या पोरी आपल्यासारख्याच बोलतेत का?" मला जे माहीत नव्हतं तेही मी रचून सांगत होतो. मंगळवारी एकही प्रश्न नाही. बुधवारी नाही. काल मी एका कवितेत मुद्दाम सोपा शब्द निवडून तिला म्हटलं, "याचा अर्थ काय गं?" तिनं अर्थ सांगितला, बरोबर सांगितला, आणि पुढची ओळ वाचली. मी विचारलं, "तुला काही विचारायचं नाही?" म्हणाली, "नाई आबाजी. काई नाई."

आवाज तोच, उच्चार स्वच्छ, एक अक्षर चुकलं नाही. मला ऐकवेना. आजवर पोरं कितीतरी कारणांनी गप्प झालेली पाहिली, श्यामराव. मारानं, उपासानं, आई गेली म्हणून. शहाणपणानं गप्प झालेलं पोर मात्र मी आधी पाहिलं नव्हतं, आणि हे शहाणपण तिला मी शिकवलं. ती घरी गेल्यावर मी पुस्तक पेटीत ठेवायला गेलो तर पेटी सापडेना. जागच्या जागी होती, हातच दुसरीकडे जात होता.

रात्री झोप लागली नाही, ते राहू दे. सकाळी उठलो तेव्हा एवढं स्पष्ट होतं. उद्या सचिन आला की त्याला सांगणार आहे. नववीचं पूर्ण सांगणार आहे, अर्धं नाही. आणि मी ते का बोललो हेही सांगावं लागेल, नाहीतर तो समजेल की गुरुजींचं मन बदललं, आणि मनं तर बदलत असतात, मग पुन्हा बदलेल. पोरीला जाऊ दे म्हणायचं, आणि का अडवली होती ते सांगायचं. दोन्ही एकाच दमात, नाहीतर दुसरं राहून जाईल.

आणि शाळेचं? तू विचारशील म्हणून लिहितो. साधनाचं सोमवारचं टायचं बोलणं हसण्यावारी गेलं, पण वीसच्या ठिकाणी एक नाव कमी पडत असेल तर ते नाव रोज सकाळी आमच्यासमोरून व्हॅनमध्ये बसून जातं. गोमाजीच्या घरी जाऊन त्याच्या सुनेपुढे बसायचं आणि बंटीला मागायचा. हे आम्हाला आजवर सुचलं नाही असं नाही. धैर्य झालं नाही. सचिनच्या पोरीला थांब म्हणणं सोपं गेलं, कारण तो गरीब आहे आणि आमचं ऐकतो. गोमाजीची सून बी.ए. झालेली आहे आणि तोंडावर विचारते, तुमच्या शाळेत इंग्रजी कोण शिकवतं? तिला उत्तर द्यायला हवं. मी शिकवीन म्हणेन. पुस्तक दिसत नाही, पण बोलता तर येतं. ती नाही म्हणेल कदाचित. मग दुसऱ्या घरी. व्हॅनमध्ये आमच्या गावची आठ-दहा पोरं बसतात. एकही परत नाही आलं, तर सप्टेंबरअखेर पट मोजतील तेव्हा वर्ग जातील, आणि साधनाच्या पोरीसमोर मला उभं राहावं लागेल. ते होऊ शकतं. तरी रुपाला त्यासाठी ओलीस ठेवणं, हे मला आता जमणार नाही.

आणि संध्याकाळचं काय, हे तू विचारणार नाहीस, मला माहीत आहे. तू फोनवर एक कविता म्हणशील, ती पण चुकीची.

पाकिटावर पत्ता टाकायला, रुपा सहा वाजता येईल तेव्हा तिलाच सांगेन म्हणत होतो. पत्ता तेवढा तिच्या अक्षरात असू दे. शेवटी नेहमीसारखं वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद असं लिहून

थांब. फाटक वाजलं. रुपा नाही, रुपा फाटक ढकलत नाही, उडी मारून येते.

साधना आहे. मला कडेनं लुगड्याचा हिरवा काठ दिसला, आणि गुडघ्यापर्यंत चिखल. सरळ बांधीतून आली आहे, रोवणी टाकून. या हंगामात कोणी बाई असं करत नाही, आणि ही तर माझ्या घरी कधीच आली नव्हती; आज आली तर खुशीत यायला हवी होती, सभेत मी तिच्याच मनासारखं बोललो. छपरीवर चढली नाही. खालूनच म्हणाली, "गुरुजी, मी केंद्रप्रमुखायले फोन लावला होता. सहज इचारलं, नववीत पोरी कशा घेतेत. थे म्हनाले, जागा रिकामी झाली तं घेतेत, नाई तं नाई. असली तं एखादी." मग विचारलं, "तुमाले मालूम होतं का जी?"

तीच पुढे म्हणाली, आवाज न चढवता, "शाळा मलेही पायजे गुरुजी. माह्या पोरीसाठी पायजे. पन अशी नाई पायजे." आणि मग, "कोनाले सांगितलं नाई मी. एकटीच आली."

तिला म्हटलं, पाय धुऊन वर ये, बस, सांगतो. ती हापशीवर गेली आहे. दांड्याचा आवाज येतो आहे, तेवढ्यात हे लिहून घेतलं. उद्या सकाळपर्यंत माझ्या हातात वेळ आहे असं मी धरून चाललो होतो. तो नाही. बरं झालं, असंही म्हणवत नाही.

हापशी थांबली. पायऱ्या चढते आहे. तिनं विचारलं तेवढ्याचं उत्तर आधी देतो: मला माहीत होतं. बाकीचं त्याच्या मागून येईल.

तुझा,
तुलाराम